गालाला थंड लागणारा खडा

लिंबाजीकाका सोनारांकडं कोणी खडा घेऊन आलं, की ते आधी त्या माणसाकडं बघतच नसत. खडा धोतराच्या सोग्यानं पुसायचे, उजव्या गालाला लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. समोरच्याला वाटायचं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग डोळे उघडून ते निकाल सांगायचे. "काच हाये, बापा." नाहीतर, "दगड हाये. जपून ठेव." त्या निकालावर अपील नव्हतं.

यात जादू काही नव्हती. काच गालाला लावली की पटकन आपल्या अंगाइतकी ऊबदार होते, खरा खडा बराच वेळ थंड राहतो. हे पुष्कळ सोनारांना ठाऊक असतं. काकांनी मात्र आपला गाल फारच मनावर घेतला होता. उजव्या गालाची दाढी ते रोज सकाळी करायचे, डाव्याची पाळी फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी. त्यामुळं उजवीकडून बघितलं तर एक माणूस दिसायचा आणि डावीकडून बघितलं तर दुसराच. उटनूरच्या बाजारात मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे, गोंडी बोलणारे, सगळेच त्यांना गालवाला सोनार म्हणायचे आणि काकांना त्याचा अभिमान होता. भिंग होतं त्यांच्याकडं, पण ते खिळ्याला टांगलेलं असायचं. "थे लोकायच्या समाधानासाठी हाये," असं ते सांगायचे.

त्यांचा गाल चुकायचा नाही असं नाही. एकदा ऐन थंडीत, दुकान उघडल्या उघडल्या, एक शेतकरी हिरवा खडा घेऊन आला. काकांनी गालाला लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, अस्सल आहे. तो माणूस खूश होऊन गेला. दुपारी ऊन चढल्यावर काकांच्या लक्षात आलं, की सकाळी आपला गालच गारठलेला होता, त्याला काय काच नि काय दगड. काकांनी दुकान काकूंवर सोपवलं, मिळेल ती बस धरली आणि त्या माणसाच्या गावी जाऊन, त्याच्या ओसरीवर बसून, ऊन गालावर घेऊन खडा पुन्हा तपासला. काच निघाली. त्या दिवसापासून हिवाळ्यात कोणी सकाळी आला, की काका त्याला चहा पाजून बसवून ठेवायचे. "थांब जरासा. गाल अजून उठला नाही."

आमची ओळख भाजीमुळं. गावाबाहेर आमचं माळव्याचं थोडं रान होतं. वांगी, मेथी, दोडकी घेऊन माझी आई, सरूबाई, काकांच्या दुकानाच्या पायऱ्यांसमोर पोतं अंथरून बसायची. मी तिच्या शेजारी असायची. भाव मात्र आईच सांगायची, कारण मी तोतरी होते. होते म्हणजे आहेच. लहानपणी तर एखादा शब्द माझ्या तोंडात असा अडायचा, की गिऱ्हाईक दुसऱ्या पोत्यावर जाऊन वांगी घेऊन परत यायचं तरी मी 'प'वरच. त्यातून माझं नाव पद्मा. देवानं नाव द्यायच्या वेळी थोडा विचार करायला हवा होता.

आई माझं प्रत्येक वाक्य पुरं करायची. मी तोंड उघडलं की ती माझ्या डोळ्यांकडं बघून ओळखायची आणि पुढचं स्वतः बोलून टाकायची. बहुतेक वेळा बरोबरच ओळखायची. त्यात माया होती, दुसरं काही नव्हतं. पण त्या मायेमुळं, वयात येईपर्यंत, मी एक अख्खं वाक्य कोणासमोर बोलले नव्हते.

मग मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामानं नाव विचारलं. मी 'प' धरून बसले. सगळे माझ्या ओठांकडं बघत होते. आई घाईघाईनं म्हणाली, "पद्मा हो, पद्मा नाव हाये तिचं." मामानं चहाची बशी खाली ठेवली आणि आईलाच विचारलं, "पोरगी मुकी हाये काय?" पोहे तसेच टाकून पाहुणे गेले. आई रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती एका ज्योतिषाकडं गेली. त्यानं सांगितलं, पोरीचा बुध बिघडला आहे, बुध म्हणजे वाणी, बुधाचा खडा पन्ना, तो बुधवारी बोटात घातला की जीभ सुटेल.

आई तडक काकांच्या पायऱ्या चढली. मी मागून.

"दादा, पोरीसाठी पन्ना पाहिजे. लहान असला तरी चालन, पन खरा पाहिजे."

काकांनी कारण विचारलं. आईनं सांगितलं. काका थोडा वेळ फुंकणीशी चाळा करत राहिले.

"सरूबाई, दगडानं जीभ सुटत असती, तर मी आमच्या घरातल्यासाठी उलटा खडा नसता शोधला काय?"

आतून काकूंचा आवाज आला, "मी ऐकून राह्यली बरं."

"पाहा," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत नाही सापडला."

आईला हसू आलं नाही. तिनं पुन्हा मागितला. काकांनी पुन्हा नाही म्हटलं आणि मग फळीवरच्या डब्यातून एक दगड काढून माझ्या हातात दिला. वरून काळा, खडबडीत, आपल्या वावरात असतो तसा. एका बाजूनं मात्र फुटलेला, आणि आत एक खोलगट खळी, पूर्ण हिरव्यानं भरलेली. मेथी धुतल्यावर पाणी उतरतं तसा हिरवा, कुठं गडद, कुठं नुसता भास. बाजारहत्नूरकडं विहिरी खणताना काळा खडक फुटला की असे हिरवे अकीक निघतात. शेतकरी ते उपरण्याच्या गाठीत बांधून काकांकडं आणायचे, पन्ना समजून. काका सगळ्यांना खरं सांगायचे आणि तरी दगड ठेवून घ्यायचे.

"हे कसं झालं, ठाऊक हाये?" ते मला म्हणाले. आईला नाही, मला. "हा आपला काळा खडक एके काळी कढईतल्या पाकावानी रटरटत होता. जमिनीच्या पोटातून वर आला. त्याले फोड आले. वरून थंडावला आन फोड तसेच राह्यले, आत पोकळ. मंग त्या पोकळीत पानी झिरपलं. थेंब थेंब. येताना जरासं हिरवं घेऊन आलं. किती काळ लागला असन, सांग? तिथं कोनी हाकाटत नव्हतं, चाल लवकर, चाल लवकर. म्हनून भरली."

हे सगळं त्यांना आदिलाबादच्या कॉलेजातल्या एका भूगोलाच्या प्राध्यापकानं सांगितलेलं होतं आणि काकांनी ते जन्मभर पुरवून पुरवून वापरलं. पुढचं वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं होतं. "काच घाईत होते, माय. खडा सावकाश होते."

आईकडं वळून ते म्हणाले, "पन्ना मी देत नाही. पन पोरगी दर बुधवारी माह्याकडं पाठव."

बुधवार का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. बुधवार पन्न्याचा वार. हिरवा खडा तपासून घ्यायला, बसवून घ्यायला माणसं त्याच दिवशी यायची. काकांनी मला त्यांच्या उजव्या हाताला बसवलं. ते खडा गालाला लावायचे, मग माझ्या गालाला लावायला द्यायचे आणि स्वतः मुद्दाम शेगडीतले कोळसे हलवत बसायचे. निकाल मी सांगायचा.

आणि बहुतेक निकाल एकच होता, "हा पन्ना नाही." मला वाटलं, निदान तेलुगू माणसांपाशी सुटका होईल. तर तेलुगूत पन्न्याला पच्चा म्हणतात. हिंदीवाला व्यापारी आला तर तोही पन्नाच म्हणणार. तिन्ही भाषांनी 'प' धरून ठेवला होता. मी पहिल्या गिऱ्हाइकासमोर घामानं भिजले. "हा प... प..." काकांकडं पाहिलं. त्यांनी कोळसे हलवले. समोरचा माणूस उठून जाईल, हसेल, नाहीतर आईसारखं पुढचं बोलून टाकेल, अशी मी वाट बघत होते. पण तो काय बोलणार? पुढचं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचा खडा माझ्या हातात होता आणि तो काच आहे की दगड, हे माझ्या तोंडून निघाल्याशिवाय त्याला कळणार नव्हतं. तो मान पुढं करून, पापणी न हलवता, थांबून राहिला. "पन्ना नाही," मी म्हणाले. त्यानं सुस्कारा सोडला. माझ्याही आधी.

घरी जाताना मी रस्ताभर तेच वाक्य घोळवत होते. एक अनोळखी माणूस माझं बोलणं संपेपर्यंत थांबला होता.

पुढं काकांनी मला एवढ्यावर सोडलं नाही. नुसतं "पन्ना नाही" सांगून माणसाला घालवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. "नाही म्हनलं की त्याचं तोंड पाह्य. उतरते का नाही? मंग आता हाये काय, थे सांग. गेलं थे सांगनं सोपं हाये, हाये थे सांगायले बोलावं लागते." मग मी सांगायची, हा अकीक आहे, आपल्या काळ्या खडकातला, त्याला तडा जात नाही, नातवाला देता येईल. एक म्हातारी गोंडीण दर बुधवारी तोच खडा घेऊन यायची आणि तीच गोष्ट माझ्याकडून पुन्हा ऐकायची. काका म्हणायचे, "तिले खड्याचं काही पडलं नाही. तिले तू सांगते थे आवडते." मी अडायची, ती तोंड उघडं टाकून वाट बघायची, आणि गोष्टीत पाण्याचा थेंब झिरपायचा तिथं हमखास मान डोलवायची.

खाली गिऱ्हाइकांत गुंतलेल्या आईला मी बुधवारी वर दुकानात काय करते, ते नीट ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, काका सोनारकाम शिकवतात. घरी मी बोलायला लागले की ती अजूनही वाक्य पुरं करायची आणि मी करू द्यायची. तिच्या मनातून पन्ना गेला नव्हता.

एका बुधवारी, भर बाजारात, ती गिऱ्हाइकं सोडून पायऱ्या चढून आली. कमरेची पिशवी सोडली, कागदाची पुडी काढली आणि काकांसमोर ठेवली. आत हिरवागार खडा होता, एकही डाग नसलेला. गावोगाव फिरणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतला होता. "खरा पन्ना हाये, दादा. याची अंगठी करून द्या. आता नाही म्हनू नका."

काकांनी खड्याकडं बघितलं नाही. ते आईच्या कानांकडं बघत होते. आईच्या कानांत वेल नव्हते. माहेरहून आलेले, काकांच्याच वडिलांनी घडवलेले वेल. त्यांच्या जागी कडुलिंबाच्या काड्या होत्या, भोकं बुजू नयेत म्हणून.

काकांनी खडा सोग्यानं पुसला, गालाला लावला. डोळे मिटले. फार वेळ मिटून ठेवले. मग खडा माझ्या हातात ठेवला आणि उठले. "मी पानी पिऊन येतो," म्हणाले. आत जाताना माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "हे मले नाही सांगता येत, माय."

ज्या माणसानं एकदा एका सासऱ्यानं दिलेला खडा त्याच्या जावयासमोरच काच म्हणून सांगितला होता, बसनं जाऊन स्वतःची चूक सांगितली होती, त्याच्या तोंडून मी हे ऐकलं. मी खडा गालाला लावला. तो थंड लागावा म्हणून मी जीव एकवटून वाट पाहिली. तो माझ्या गालासारखाच ऊबदार झाला, लगेच.

आई पुढं झुकून बसली होती. "आ... आई," मी म्हणाले, "हा प... प..." मी अडले. आईचे ओठ हलले. ती पुरं करणार, मला दिसलं. 'पन्ना हाये' असंच ती म्हणणार होती. आणि मग तिनं ओठ मिटले. कारण या वेळी तिला पुढचं माहीत नव्हतं. खाली पोत्यापाशी कोणी ओरडत होतं, "बाई, वांगे कसे देल्ले?" माझ्या आईनं जन्मात गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं नव्हतं. तिनं मान वळवली नाही.

"पन्ना नाही, आई. का... काच हाये."

 तिचा एक हात कानाकडं गेला आणि परत मांडीवर आला. मला वाटलं, आता ती रडेल. तिनं विचारलं, "मंग खरा खडा कसा असते? थे सांग मले."

मी डब्यातला दगड काढला आणि सांगितलं. कढईतल्या पाकासारखा खडक, त्याचे फोड, थेंब थेंब पाणी, सगळं. कितीदा अडले, सांगता येणार नाही. आई मांडी घालून, हनुवटीला हात लावून ऐकत होती, त्या म्हाताऱ्या गोंडिणीसारखी. वांगी घेणारं गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं. माझ्या मागं दाराच्या चौकटीत काका रिकामा गडवा धरून उभे होते, ते मला नंतर काकूंनी सांगितलं.

व्यापारी पुन्हा दिसला नाही आणि वेलही गेले ते गेलेच. पण त्या दिवसानंतर आईनं माझं वाक्य पुरं केलं नाही. कधी कधी तिला फार जड जायचं, मग ती पदर तोंडात धरायची.

काकांनी मला चांदीची अंगठी करून दिली. तिच्यात त्याच दगडातला हिरवा अकीक, अंगठीच्या मानानं जरा मोठाच. एवढा मोठा का, मी विचारलं. "लोकायनं इचारावं म्हनून," ते म्हणाले. "दिसला की कोनी बी इचारन, पन्ना हाये काय? आन तुले बोलावं लागन." पन्ना त्यांनी मला दिला नाही आणि 'पन्ना नाही' हे वाक्य जन्मभरासाठी बोटात घालून दिलं. खट पाहावं तर हे असं.

त्यांचं म्हणणं खरं झालं. आज मी बसमध्ये कंडक्टर आहे. उटनूर, इंद्रवेल्ली, आदिलाबाद, अशी गावं पुकारत दिवसभर उभी असते. अडते. पण मला आता त्याची लाज वाटत नाही. ज्याचे सुट्टे पैसे माझ्या हातात आहेत तो थांबतोच, हे मी काकांकडंच शिकले. आणि रोज कोणी ना कोणी तिकीट घेताना अंगठीकडं बघून विचारतंच. मग मी सांगते. कधी कधी स्टॉप येईपर्यंत सांगते.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. त्याआधी मला ते शेवटचे भेटले ते त्यांच्या घरी, खाटेवर. अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही जवळजवळ गेली होती. मी गेले तेव्हा त्यांचा मुलगा, वसंतदादा, उशाशी बसला होता. चांगला मुलगा. वडिलांनी ओठ हलवले की धावायचा. "पानी? पाय दाबू? खिडकी लावू?" काका डोळे मिटून घ्यायचे. मला ते डोळे मिटणं ओळखीचं होतं. आईनं माझं वाक्य पुरं केलं की मीही तसेच मिटायची.

कोणीतरी त्यांची दाढी केली होती, दोन्ही गालांची, सारखी. ते मला बघवेना.

मी बोटातली अंगठी काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्या उजव्या गालाला लावली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो गाल आता काही सांगत नव्हता. मी हात मागं घेणार, तेवढ्यात काकांनी मान उशीवर हळूहळू वळवली आणि डावा गाल पुढं केला. आयुष्यभर ज्याला कधी काम दिलं नव्हतं तो. मी खडा तिथं लावला. त्यांनी डोळे मिटले.

आम्ही थांबलो. मग त्यांचे ओठ हलले. "प..."

"पानी," वसंतदादा उठला.

"थांबा, दादा," मी म्हणाले. "त्यायले बोलू द्या."

काकू पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाहेरून बाजाराचा आवाज येत होता. काका पुन्हा 'प'पाशी आले, अडले, मागं गेले, पुन्हा आले. मला त्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा ठाऊक होता. मी अंगठी गालाला तशीच धरून राहिले.

"पन्ना," काका म्हणाले. आणि फार वेळानं, "नाही."

त्यांनी डोळे उघडले. अर्ध्या चेहऱ्यानं ते हसत होते. मग हा खडा आहे काय, ते मी सांगावं म्हणून ते माझ्याकडं बघत राहिले, आणि माझा शब्द अडला तसे थांबले.